तळ्याकडे पाठ करून उभं राहा : इंदूरच्या आसपास पाणलोट-शिक्षणाची आणि जमीन राखण्याची भागीदारी कशी जमवावी

सिरपूर असो, बिलावली असो की हातोदकडचा यशवंतसागर, इंदूरच्या कुठल्याही तळ्यावर सकाळी येणारी माणसं पाण्याकडे तोंड करून उभी राहतात. बदकं मोजतात, फोटो काढतात, जलकुंभी वाढली म्हणून हळहळतात आणि पोहे-जलेबी खायला परत शहरात जातात. एकदा तळ्याकडे पाठ करून उभं राहून बघा. दोन-तीन किलोमीटरवर एखादी बरडी, म्हणजे मुरमाड उघडी टेकडी दिसेल, तिच्या उतारावर सोयाबीन, मधून गेलेली गाडवाट, मुरमाची खदान आणि आताशा एखाद्या नव्या कॉलनीचं फाटक. जिथलं पाणी उतरून तळ्यात येतं ती ही सगळी जमीन म्हणजे तळ्याचं पाणलोट. तळं भरणार की गाळानं बुजणार हे तिथे ठरतं. ती जमीन आपली नसते, म्हणून भागीदारी लागते.

आमचा गट शहराच्या पश्चिमेकडचा : दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतून बाहेर पडलेले काका, गणेशोत्सव मंडळातली चार तरुण मुलं आणि मी. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांतल्या मंडळांना आणि शाळांना असं काम करायचं असेल, तर कशानंतर काय करावं ते इथे सांगतो. आमच्या चुकाही सांगतो. त्या तुम्ही नव्याने करण्याची गरज नाही.

आपला उतार ओळखा

इंदूर माळव्याच्या पठाराच्या दक्षिण काठावर आहे आणि मुलांना पाणलोट समजवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. महूजवळच्या डोंगराच्या दक्षिण अंगाला पडलेला पाऊस चोरल नदीतून, पातालपाणीच्या धबधब्यावरून नर्मदेला मिळतो आणि खंबातच्या आखाताकडे जातो. उत्तर अंगाचा पाऊस गंभीर, शिप्रा, चंबळ, यमुना असं करत बंगालच्या उपसागराला. एका सरीचे दोन समुद्र. आपली कान्ह नदी (जुनी माणसं खान म्हणतात) सरस्वतीचं पाणी घेऊन उज्जैनच्या अलीकडे शिप्रेला मिळते. आपण पितो मात्र मुख्यतः नर्मदेचं, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने वर चढवलेलं. नळाचं पाणी एका खोऱ्यातलं आणि सांडपाणी दुसऱ्या खोऱ्यात, हे आठवीच्या मुलाला नकाशावर एकदा दाखवलं की पुढचं निम्मं व्याख्यान वाचतं.

काम करायला मात्र नदी निवडू नका. एक छोटं तळं किंवा एक नाला निवडा, ज्याचं पाणलोट पायी अर्ध्या दिवसात फिरून होईल. ४० ते १०० हेक्टर पुष्कळ झालं. सिरपूर आणि यशवंतसागर २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेले, जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला रामसरचं पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. त्यामुळे मोठ्या तळ्यांवर खाती, अधिकारी आणि बैठका भरपूर आहेत. यशवंतसागरचं पाणलोट बहुतांश शेतीचं आहे. त्याच्या वरच्या अंगाचा एखादा ओढा घेतलात तर तुमचं काम खालच्या सारसांपर्यंत पोचतं आणि तुमच्या आवाक्यातही राहतं.

नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची शीट आणि इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ पुरतं. एक अडचण येते. त्या शीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतराने असतात आणि माळवा इतका सपाट, की एक अख्खं छोटं पाणलोट दोन रेषांच्या मधे हरवून जातं. तेव्हा शेवटची हद्द पायानेच आखायची, आणि ती भर पावसात.

कुठल्या पावसात, हेही महत्त्वाचं. जूनच्या पहिल्या सरीत जाऊ नका. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडलेल्या असतात. पहिले पाऊस त्या गिळतात आणि नाले कोरडेच राहतात. माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घ्यायला नाखूश होते. जुलैच्या मध्यावर, दोन-तीन दिवस झड लागून गेल्यावर जो जोराचा पाऊस येतो, त्यात छत्र्या आणि गमबूट घेऊन निघा. पाणी जिथे दोन दिशांना फुटतं तिथे खूण करा. मोबाइलवर ठिकाण नोंदवा, पण मोबाइल प्लास्टिकमध्ये ठेवा; आमचे दोन गेले.

सहा बाटल्या

सबंध खटाटोपातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट ही. त्याच पावसात नाल्याच्या प्रत्येक फाट्यावर एकेक लिटरची पारदर्शक बाटली भरून घ्या, वर मार्करने जागा लिहा आणि सगळ्या शाळेच्या खिडकीत ओळीने मांडा. वाळू काही मिनिटांत बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. दोन दिवसांनी तळाशी बसलेला थर पट्टीने मोजायचा.

आमची खात्री होती की सगळा गाळ शेतांतून येतो. तसं भाषणही तयार होतं. सहा बाटल्या भरल्या. शेतांतून येणाऱ्या तिन्ही फाट्यांच्या बाटल्यांत बोटाच्या पेराएवढाही थर नव्हता. चौथीत जवळजवळ चार बोटं. तो फाटा कुठून येतो म्हणून वर चढत गेलो, तर ती गाडवाट निघाली. ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या खोल होत होत वाटेचाच नाला झाला होता, आणि वाटेच्या डोक्यावर मुरूम काढलेला उघडा खड्डा. शेतकऱ्यांना बांध घाला म्हणून सांगायला गेलो असतो तर त्यांनी हसून चहा पाजला असता आणि वाटेला लावलं असतं. गाळ गाडवाटेचा आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं. बाभळीच्या खोडावर गुडघ्याच्या वर अडकलेला काडीकचरा दाखवून एक म्हातारेबुवा म्हणाले, पाणी इथवर येतं, आणि वाट दुरुस्त करा असं आम्ही केव्हापासून सांगतोय.

म्हणजे पहिल्या दिवशी गावाला शिकवायला जायचं नाही, गावाकडून मोजून घ्यायचं. बाटल्या गावातल्या शाळेच्या मुलांनी भरल्या तर त्या घरोघर पोचतात. शहरातल्या मुलांनी भरल्या तर प्रदर्शनात.

जमीन कुणाची, हे कागदावर बघा

हे कंटाळवाणं आहे आणि इथेच बहुतेक गट घसरतात. मध्य प्रदेशच्या भूलेख संकेतस्थळावर गावाचं नाव घालून खसरा (जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची क्रमांकवार नोंद), खतौनी (खातेदारानुसार नोंद) आणि नकाशा बघता येतो. पाणलोटाच्या हद्दीत येणारे सगळे खसरा क्रमांक एका वहीत उतरवा आणि चार रंग द्या : खासगी, शासकीय, चरनोई (गावाचं चराऊ रान), आणि नाला किंवा तळं म्हणून नोंदलेलं. मग पटवाऱ्याकडे (आपल्या भाषेत तलाठ्याकडे) जाऊन निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज बघायला मागा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २३४ खाली निस्तार पत्रक होतं : गावाने गुरं कुठे चारायची, जळण, माती, मुरूम कुठून घ्यायचा याची नोंद. कलम २४२ चा वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावाच्या रूढ हक्कांचा दस्तऐवज. वाट, पाणी, मासे यांचे हक्क त्यात सापडतात.

आमची मोठी चूक इथली. पहिल्याच वर्षी एक उघडी बरडी दिसली, शासकीय आहे असं कुणीतरी सांगितलं आणि आम्ही दोनशे रोपं लावून तारेचं कुंपण घातलं. ती चरनोई होती. ज्यांच्याकडे एक गाय नि चार शेळ्या एवढंच आहे अशा घरांची ती जागा. ऑगस्टपर्यंत तार गेली, रोपं गेली, आणि गावात आमचं नाव ‘झाडवाले सेठ’ पडलं. चूक शंभर टक्के आमची. नाव पुसायला दोन वर्षं लागली.

नोंदीत नाला आहे पण जमिनीवर नांगरलेलं शेत आहे, असं हमखास सापडेल. लगेच तक्रार करू नका. आधी ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावा. तळी आणि सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंह प्रकरणातला निकाल आहे. तो जवळ असू द्या, पण पिशवीतच. शेजारच्यावर निकाल उगारला की पाणलोटातली भागीदारी तिथेच संपते. बाहेरून येऊन पाण्याची वाट बुजवणारा कॉलनीवाला असेल तर मात्र तोच कागद बाहेर काढायचा, डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करणं) झालं आहे का ते तहसीलमध्ये विचारायचं, आणि विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा खसरा क्रमांकासकट लेखी हरकत द्यायची. ‘पर्यावरण वाचवा’ असं लिहिलेली हरकत फाइलला लागते. ‘खसरा अमुक मधून जाणारा नोंदलेला नाला आराखड्यात दाखवलेला नाही’ असं लिहिलं तर निदान कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

माणसं जोडणं

जोडीदार पाच प्रकारचे लागतात : वरचे शेतकरी, गुरं राखणारी घरं, पंचायत, गावची शाळा आणि शहरातला तुमचा गट. जमलं तर सहावा, शेती जाणणारा. इंदूरला १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, कृषी महाविद्यालय आहे. तिथला एखादा जाणकार एका रविवारी शेतात आला तरी खूप फरक पडतो. त्याच कृषी महाविद्यालयाच्या आवारात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. गावात शेणखताचा विषय निघाला की ही गोष्ट सांगावी. आपल्या शहराचं नाव एका खताला आहे याचं लोकांना कौतुक वाटतं.

भेटायला केव्हा जाल? सोयाबीनची काढणी आणि गव्हाची पेरणी चालू असताना अजिबात नाही. फेब्रुवारीत गहू-हरभरा उभा असतो, लोकांना ओटल्यावर बसायला वेळ असतो. ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. १४ एप्रिलच्या सभेत विषय ठेवायचा असेल तर मार्चमध्येच सरपंच आणि सचिवांना पत्र द्या. गावात मालवी-हिंदीच चालते. मराठी माणसाने शुद्ध हिंदी झाडू नये, ‘राम राम सा’ म्हणावं आणि खाली बसावं. आमच्या गटातल्या दोन काकू बायकांशी वेगळ्या बसल्या, तेव्हा कळलं की पाण्याचं खरं दुखणं तळं नसून मे महिन्यात आटणारी शाळेजवळची विहीर आहे. पुढचं सगळं काम त्या विहिरीच्या नावाने उभं राहिलं.

कागद

तोंडी ठरलं ते दोन पावसाळे टिकतं. एका पानाचा समजुतीचा कागद करा, हिंदीत, आणि त्यात एवढं असू द्या : काम कोणत्या खसऱ्यात, खर्च कुणाचा, डागडुजी कुणाची, गवत कोण कापणार, झाडाची फांदी आणि फळ कुणाचं, गुरं कोणत्या महिन्यांत बंद, आणि भांडण झालं तर कुठल्या तिघांनी बसायचं. गवत आणि फांदीचं कलम विसरलात तर बाकीची कलमं फुकट आहेत.

परदेशांत जमीनमालक संरक्षणाचं बंधन सातबाऱ्यासारखं जमिनीलाच कायमचं चिकटवून ठेवू शकतो. आपल्याकडे खासगी शेतीसाठी तशी सरळ सोय नाही. आपल्या हातात दोनच मार्ग : सामायिक जमिनीसाठी ग्रामसभेचा ठराव, कार्यवाही वहीत नोंदवून प्रत घेतलेला, आणि खासगी जमिनीसाठी मालकाशी भाडेपट्टा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो, नाहीतर वडील गेल्यावर मुलगा ते शेत विकतो तेव्हा तुमच्या कागदाला काही अर्थ उरत नाही. नाल्याच्या काठची पाच-सात मीटरची पट्टी असेल तर भाडेपट्ट्याऐवजी मालकाला चाऱ्याचं गवत लावून देणं अधिक टिकाऊ ठरतं, असा माझा अनुभव.

माथा ते पायथा, पण मातीप्रमाणे

काम वरून खाली करायचं हे सगळ्यांना पाठ असतं. मध्य प्रदेशात १९९४ च्या राजीव गांधी पाणलोट मिशनपासून गावोगाव हे शब्द पोचले आहेत. विसरतं ते दुसरं : बरडीवर चालतं ते काळ्या रानात चालत नाही.

बरडीच्या मुरमाड उतारावर सलग समतल चर घ्या, ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल, माती खालच्या अंगाला. १०० मीटर चर एकदा भरला की १८,००० लिटर पाणी थांबतं. रेषा आखायला यंत्र नको, ए-फ्रेम करा. साधारण दोन-दोन मीटरचे दोन बांबू टोकाशी बांधा, मधे आडवी काठी, टोकावरून दगड बांधलेला दोरा सोडा. दोन पाय जमिनीवर दोन खुंट्यांपाशी ठेवा, दोरा आडव्या काठीला जिथे टेकतो तिथे खूण करा. आता पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर ठेवा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे सपाटी. दोरा त्या मध्यावर येईल तसा एक पाय फिरवत पुढे चला आणि प्रत्येक पावलाला चुन्याचा ठिपका द्या. वारा असेल तर दगड जड घ्या. सातवीच्या मुली हे अर्ध्या तासात शिकतात, आणि मग सपाट दिसणारं मैदान किती वाकडं आहे ते बघून हसत सुटतात.

ओघळीत अनगड दगडांचे छोटे बांध घाला, एक मीटरच्या आत उंचीचे, मधला भाग कडांपेक्षा वीत-दीड वीत खाली, आणि दोन्ही टोकं काठात खोचलेली. मधे उंच ठेवलेला बांध काठ फोडून बाजूने जातो. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीला यावा, एवढं अंतर.

खोल काळ्या जमिनीत समतल बांध नको. तिथे पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा जाऊन तो पुढच्या पावसात फुटतो. तिथे ढाळीचे बांध, शंभर मीटरला २० ते ४० सेंटिमीटर उतार देऊन, आणि पाणी गवताळ चारीतून नाल्यात सोडायचं. पेरणी रुंद वरंबा-सरीने केली तर निचरा आणि ओल दोन्ही साधतात. शेतकऱ्याला पटतं ते हेच, कारण त्यात पीक वाचतं. काठावर खस आणि मारवेल, ओढ्याच्या कडेला अर्जुन, करंज. बांधावर पळस आपोआप येतो, फक्त तोडू नका. बेशरम हे पाणथळ काठावर माजणारं झुडूप मात्र मुळासकट काढा.

गाडवाटेसाठी दर वीस-पंचवीस मीटरवर आडवा, तिरका दगडी पट्टा टाकून पाणी बाजूच्या गवतात वळवा. आमच्याकडे एवढ्यानेच चौथ्या बाटलीचा थर पुढच्या पावसाळ्यात दोन बोटांवर आला. तळ्यातून काढलेला गाळ हलक्या बरड रानात टाकायला द्या. आधीच चिकण असलेल्या काळ्या शेतात तो टाकून फायदा नाही, कुणी फुकट म्हणून मागितला तरी.

शाळेचं वर्ष

पर्यावरण दिनाची फेरी आणि घोषवाक्यं यांवर मी वेळ घालवत नाही. मुलांना वर्षभर मोजायला द्या. सरळ भिंतीची बाटली कापून पर्जन्यमापक, रोज सकाळी आठला नोंद. मग हिशेब : एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. शाळेच्या पाच सेंटिमीटरच्या एका पावसात त्या हेक्टरवर पाच लाख लिटर पडले, म्हणजे पाच हजार लिटरचे शंभर टँकर. मे महिन्यात टँकरचा भाव घरी विचारून आलेली मुलं हा आकडा विसरत नाहीत.

सहा इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा जमिनीत दोन-तीन बोटं दाबून त्यात लिटरभर पाणी ओता, मुरेपर्यंतची वेळ घ्या, लगेच दुसरा लिटर ओता आणि ही दुसरी वेळ लिहा. गुरांच्या वाटेवर, शेतात, पळसाखाली, तीन ठिकाणी. फरक मुलांनीच सांगावा. विहिरींची पातळी मे आणि नोव्हेंबरमध्ये, दगड बांधलेल्या टेपने, काठावरच्या त्याच खुणेपासून. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. त्या एका सकाळी गावची आणि शहरातली शाळा एकत्र आणा. जोडीने मोजायला लावा, एक गावचं, एक शहरातलं. गावच्या पोराला पाखराचं मालवी नाव माहीत असतं, शहरातल्याला पुस्तकातलं.

पैसा आणि वह्या

नवी संस्था काढायची घाई करू नका. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेलं एखादं जुनं मराठी मंडळ विचारा. त्याच्या खात्यात वेगळं शीर्ष उघडून दोन सह्या, त्यातली एक गावातल्या माणसाची. खोदाईचं मोठं काम पंचायतीच्या योजनांमधून होऊ द्या, तुमचा पैसा नकाशा, दगडाची वाहतूक, रोपं आणि डागडुजीला ठेवा. देणगीदाराला उद्घाटन हवं असतं, डागडुजी नको असते. म्हणून पहिल्याच दिवशी देणगीतला पाचवा हिस्सा पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि तसं त्यांना तोंडावर सांगा. एक-दोघे निघून जातात. जाऊ द्या.

वही तीन ठिकाणी असावी : शाळेत, पंचायतीत, तुमच्याकडे. मुख्याध्यापक बदलले, सरपंच बदलले की एक वही हरवतेच.

आणि तळ्याच्या तोंडाशी, नाला जिथे आत शिरतो तिथे, एक गाळखड्डा खणून ठेवा. दर मेच्या शेवटच्या आठवड्यात तो उपसायचा. आमच्याकडे ट्रॉली त्याच गाडवाटेवरच्या एका शेतकऱ्याची असते, डिझेल मंडळाचं, आणि गाळ त्याच्याच बरडीवर जातो. या वर्षी खड्डा अर्धाच भरला होता, तेव्हा त्याने डिझेलचे निम्मेच पैसे घेतले.